हेटरोजिनियस कॅटॅलिसिस कसं शिकायचं: अमोनिया प्लांटमधल्या वायूच्या मागे मागे

केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात हेटरोजिनियस कॅटॅलिसिस (म्हणजे घन कॅटॅलिस्टच्या, उत्प्रेरकाच्या, पृष्ठभागावर वायू किंवा द्रवाची अभिक्रिया वेगाने घडवणं) येतं ते रिॲक्शन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या प्रकरणांतून, आणि तोवर बहुतेक ठिकाणी सेमिस्टर संपत आलेलं असतं. लँगम्युअरचं समीकरण, थीली मॉड्युलस, बीईटी, पॉयझनिंग, सिंटरिंग अशी नावं धडाधड अंगावर येतात आणि कशाचा कशाशी संबंध आहे हे उमगायच्या आत परीक्षा उरकलेली असते. माझं ठाम मत आहे की हा विषय प्रकरणांच्या क्रमाने शिकूच नये. एक कारखाना निवडावा आणि त्यातला वायू जिकडे जातो तिकडे आपण जावं.

नैसर्गिक वायूवर चालणारा अमोनिया प्लांट यासाठी सगळ्यात चांगला. एकाच कारखान्यात निकेल, लोखंड, तांबं, कोबाल्ट-मॉलिब्डेनम असे वेगवेगळे कॅटॅलिस्ट एकापाठोपाठ एक लागलेले असतात आणि प्रत्येक भांड्यात या विषयाचं एकेक प्रकरण भरलेलं असतं. महाराष्ट्रात अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा असा कारखाना आहे. पुढचं सगळं तो डोळ्यांसमोर ठेवून वाचलंत तरी चालेल. अशा कारखान्यांची मूळ रचना जगभर बरीचशी सारखी असते.

पायरी १: आधी समतोल, मग वेग

कॅटॅलिस्टकडे वळण्याआधी थर्मोडायनॅमिक्सचं एक गणित हाताने करा. एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन मिळून दोन अमोनिया होतात, आणि प्रत्येक मोल नायट्रोजनमागे सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. चार रेणूंचे दोन होतात, म्हणून दाब वाढवणं फायद्याचं. उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान कमी ठेवणं फायद्याचं. नायट्रोजन आणि हायड्रोजन एकास तीन प्रमाणात घेतले आणि दाब २०० ॲटमॉस्फिअर ठेवला, तर ४०० अंश सेल्सिअसला समतोलावर साधारण ३६ टक्के अमोनिया मिळतो. ५०० अंशांवर तो निम्म्यावर, १७-१८ टक्क्यांवर येतो.

मग कारखाना २०० अंशांवर का चालवत नाहीत? कारण नायट्रोजनचा तिहेरी बंध. तो तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात, आणि लोखंडाच्या पृष्ठभागावरसुद्धा कमी तापमानाला तो कामाच्या वेगाने तुटत नाही. समतोलाला किती लवकर पोहोचायचं हे कॅटॅलिस्ट ठरवतो. समतोल कुठे आहे हे नाही. या एका वाक्यावर तोंडी परीक्षेत भलेभले अडखळतात, म्हणून आकडे स्वतः काढून पाहा. सोबत अऱ्हेनियसचं समीकरण, फिकचा नियम आणि प्लग फ्लो रिॲक्टरचा मोल बॅलन्स एवढी शिदोरी पुरते.

पायरी २: मोठ्या कागदावर वायूचा रस्ता काढा

नैसर्गिक वायूत गंधक असतं. कोबाल्ट-मॉलिब्डेनमवर त्याचं हायड्रोजन सल्फाइड होतं आणि ते झिंक ऑक्साइडच्या बेडमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या थरात, अडकतं. तापमान ३५० ते ४०० अंश. (झिंक ऑक्साइड इथे कॅटॅलिस्ट नाही, तो खर्च होत जातो. कागदावर त्याला वेगळा रंग द्या.) पुढे वाफ मिसळून वायू प्रायमरी रिफॉर्मरच्या नळ्यांत शिरतो. तिथे निकेलवर वायूतलं मिथेन फुटून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड होतात आणि बाहेर पडताना तापमान ८०० अंशांच्या आसपास असतं. सेकंडरी रिफॉर्मरमध्ये हवा सोडतात, त्यातूनच अमोनियासाठीचा नायट्रोजन येतो. तिथेही निकेल, आणि बाहेर पडताना १,००० अंशांच्या जवळपास. मग कार्बन मोनॉक्साइडचं वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड करणारे दोन शिफ्ट रिॲक्टर: पहिल्यात लोह-क्रोमियम, ३५० ते ४५० अंश, दुसऱ्यात तांबं-झिंक ऑक्साइड-ॲल्युमिना, साधारण २०० ते २५० अंश. कार्बन डायऑक्साइड द्रावणाने धुऊन काढतात. जे चिमूटभर कार्बन ऑक्साइड उरतात त्यांचं मिथेनेटरमध्ये पुन्हा मिथेन होतं, ३०० अंशांच्या आसपास, निकेलवर. शेवटी सिंथेसिस कन्व्हर्टर, आणि त्यात लोखंड.

आता प्रत्येक चौकोनापुढे चार प्रश्न लिहा. हाच धातू का? हेच तापमान का? याला काय मारतं? इथे सगळ्यात मंद गोष्ट कोणती? पुढचे काही आठवडे या प्रश्नांची उत्तरं भरत जायचं.

दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. शिफ्ट दोन का? अभिक्रिया उष्णता सोडते, त्यामुळे गरम बेडमध्ये वेग मिळतो पण समतोल आडवा येतो, आणि थंड बेडमध्ये समतोल साथ देतो पण लोह-क्रोमियम तिथे मंद पडतो. म्हणून मोठा वाटा आधी गरम बेडमध्ये उरकायचा, मधे वायू थंड करायचा आणि उरलेलं तांब्यावर सोपवायचं. दुसरा प्रश्न मला फार आवडतो: सुरुवातीला निकेलवर मिथेन फोडलं आणि शेवटी निकेलवरच मिथेन बनवलं, हे कसं? समतोल ८०० अंशांवर एका बाजूला असतो, ३०० अंशांवर दुसऱ्या. निकेल दोन्ही दिशांना सारखीच मदत करतं.

पायरी ३: गोळीच्या आत शिरा

इथे घाई करू नका. हा विषय केमिस्टचा न राहता केमिकल इंजिनिअरचा होतो तो याच जागी.

कॅटॅलिस्ट म्हणजे सच्छिद्र गोळी. वायूच्या रेणूला आधी गोळीभोवतीचा स्थिर थर ओलांडायचा असतो, मग छिद्रांतून आत जायचं, मग पृष्ठभागाला चिकटायचं, तिथे अभिक्रिया व्हायची, तयार झालेला रेणू सुटायचा, छिद्रांतून बाहेर यायचा आणि पुन्हा थर ओलांडून प्रवाहात मिसळायचा. सात टप्पे. मधले तीनच रसायनशास्त्राचे, बाकी चार वाहतुकीचे. तुम्ही मोजलेला वेग हा या सातांच्या साखळीचा वेग असतो. मोजलेल्या आकड्याला सरळ रसायनाचा वेग मानणं ही नवशिक्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सर्वांत जास्त आढळणारी गफलत आहे.

एक गणित करू. पहिल्या ऑर्डरची अभिक्रिया, गोल गोळी, व्यास ६ मिलिमीटर. गोळीच्या आकारमानावर धरलेला रेट कॉन्स्टंट सेकंदाला २ आणि छिद्रांतली इफेक्टिव्ह डिफ्युजिव्हिटी (रेणू आत किती सहज पसरतात त्याचं माप) सेकंदाला ०.०१ चौरस सेंटीमीटर. अभिक्रियेचा वेग आणि डिफ्युजनचा वेग यांची तुलना करणारा थीली मॉड्युलस म्हणजे त्रिज्येचा तिसरा हिस्सा गुणिले (रेट कॉन्स्टंट भागिले डिफ्युजिव्हिटी) याचं वर्गमूळ. ०.१ गुणिले २०० चं वर्गमूळ, म्हणजे १.४१. गोल गोळीच्या सूत्रात ही किंमत घातली की इफेक्टिव्हनेस फॅक्टर येतो ०.५४. याचा अर्थ, गोळीच्या आत सगळीकडे बाहेरच्याइतकीच संहती असती तर जेवढं काम झालं असतं त्याच्या जेमतेम निम्मं होतंय. हीच गोळी कुटून कणांचा व्यास ०.६ मिलिमीटर केला की मॉड्युलस ०.१४ होतो आणि फॅक्टर ०.९९. धातू तोच, वजन तेवढंच, तरी वेग जवळजवळ दुप्पट. सूत्र पुस्तकातून उतरवून घ्या आणि हे दोन्ही आकडे स्वतः पडताळा.

आता रिफॉर्मरकडे परत या. तिथली अभिक्रिया इतकी वेगवान की इफेक्टिव्हनेस फॅक्टर सहसा ०.०५ च्याही खाली असतो. गोळीच्या आतलं बहुतेक निकेल बसूनच असतं, काम करतो तो फक्त वरचा पातळ थर. मग गोळ्या बारीक का करत नाहीत? कारण दहा मीटरहून लांब नळीत बारीक कण भरले तर प्रेशर ड्रॉप परवडणार नाही. कणांच्या थरातला प्रेशर ड्रॉप देणारं अर्गनचं समीकरण घेऊन हिशेब करून बघा. म्हणून रिफॉर्मरचे कॅटॅलिस्ट आरपार भोकांच्या नळकांड्यांसारखे घडवतात: बाहेरचा पृष्ठभाग वाढतो, वायूला वाटही मिळते. सिंथेसिस कन्व्हर्टरमध्ये याच अडचणीवर दुसरा तोडगा निघाला. वायू बेडमधून वरून खाली न नेता आडवा, त्रिज्येच्या दिशेने न्यायचा. वाट आखूड झाली, त्यामुळे दीड ते तीन मिलिमीटरचे बारीक कण चालू लागले.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. आतलं डिफ्युजन जोरात आड येत असेल तर मोजलेली ॲक्टिव्हेशन एनर्जी (अभिक्रियेला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) खऱ्याच्या सुमारे निम्मी दिसते. खरी १०० किलोज्यूल असेल तर आलेखावरून ५० च्या आसपास निघते. बाहेरचा थर आड येत असेल तर ती १०-१५ पर्यंत घसरते. म्हणून कोणाच्याही शोधनिबंधात संशयास्पद कमी ॲक्टिव्हेशन एनर्जी दिसली की आधी कणांचा आकार किती होता ते शोधा.

पायरी ४: वेगाचं समीकरण स्वतः मांडा

पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंमधल्या अभिक्रियेचा वेग देणारी लँगम्युअर-हिन्शेलवुडची समीकरणं पाठ करू नका, कारण ती असंख्य आहेत. पद्धत एकच आहे: प्रत्येक टप्प्याचा वेग लिहा, एक टप्पा मंद माना, बाकीचे समतोलात धरा, आणि पृष्ठभागावरच्या सगळ्या जागांची बेरीज एक ठेवा.

पहिला सराव मोटारीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर करा. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन दोघांनाही जागा हव्यात. समीकरण मांडलंत की छेदात वर्ग येतो, आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर असेल तर त्याचं प्रमाण वाढवल्यावर वेग चक्क कमी होतो. सगळ्या जागा त्यानेच अडवलेल्या असतात, ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. गार इंजिन सुरू केल्यावर सुरुवातीचा धूर नीट साफ होत नाही त्यामागे हेच मोठं कारण आहे. तापमान अडीचशे-तीनशे अंशांकडे गेल्यावर कार्बन मोनॉक्साइड सुटू लागतो आणि कन्व्हर्टर कामाला लागतो. समीकरणाचा छेद आणि थंडीतली गाडी यांचा हा संबंध एकदा कळला की पुढचं सोपं जातं.

दुसरा सराव लोखंडावरच्या अमोनियाचा. इथे मंद टप्पा म्हणजे नायट्रोजनचं दोन अणूंत तुटून पृष्ठभागाला चिकटणं. गेरहार्ड एर्टल यांनी हा टप्प्याटप्प्याचा मार्ग स्वच्छ लोखंडी स्फटिकांवर उलगडून दाखवला. पृष्ठभागावरच्या अशा कामासाठी त्यांना २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कारखाना मात्र १९१३ पासून चालू होता. उपयोग आधी आणि उलगडा नंतर, हे या क्षेत्रात नेहमीचं आहे, तेव्हा ‘यंत्रणा नक्की माहीत नाही’ असं वाचून दचकू नका.

पायरी ५: एक कॅटॅलिस्ट हाताने बनवा

फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये अमोनिया करून दाखवला तो ऑस्मियमवर. ऑस्मियम जगात इतकं थोडं की त्यावर कारखाना उभा राहणं अशक्य. बीएएसएफमध्ये ॲल्विन मिटाश यांच्या गटाने हजारो चाचण्या केल्या, तेव्हा हाती लागलं ते लोखंड, सोबत थोडं ॲल्युमिना आणि थोडं पोटॅशियम. ॲल्युमिना लोखंडाचे कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ देत नाही. पोटॅशियममुळे नायट्रोजनचा बंध सुटायला सोपा जातो. स्वतः काम करणारा धातू, त्याला पसरून ठेवणारा आधार, आणि दोघांना मदत करणारे प्रमोटर: कुठल्याही कॅटॅलिस्टची कृती वाचताना हे तीन वेगळे काढता आले पाहिजेत.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत करण्याजोगी कृती म्हणजे ॲल्युमिनावर १० टक्के निकेल. ९ ग्रॅम गॅमा ॲल्युमिना घ्या. थोड्या वेगळ्या नमुन्यावर थेंब थेंब पाणी टाकून तो किती पाणी पितो ते मोजा. समजा ग्रॅममागे ०.६ मिलिलिटर, म्हणजे एकूण ५.४. निकेल हवं १ ग्रॅम. निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेटमध्ये निकेल सुमारे २०.२ टक्के असतं, म्हणून ४.९५ ग्रॅम नायट्रेट लागेल. ते पाण्यात विरघळवून एकूण द्रावण ५.४ मिलिलिटर करा आणि ढवळत ढवळत थेंबाथेंबाने ॲल्युमिनावर टाका. पावडर शेवटपर्यंत कोरडी, मोकळी दिसली पाहिजे. चिखल झाला तर द्रावण छिद्रांबाहेर राहिलं असं समजा. ११०-१२० अंशांवर वाळवा, मग हवेत ४००-४५० अंशांवर कॅल्सिनेशन, म्हणजे तापवून नायट्रेटचं ऑक्साइड करणं. फार तापवलंत तर निकेल ॲल्युमिनाशी संयोग पावून निळसर स्पिनेल (निकेल-ॲल्युमिनियमचं संयुक्त ऑक्साइड) होतं आणि नंतर हायड्रोजनने सहजी क्षपण होत नाही, म्हणजे त्याचा पुन्हा धातू होत नाही.

सुरक्षेचं नीट वाचा. नायट्रेट तापताना तपकिरी विषारी वायू निघतो, म्हणून फ्यूम हूड हवाच. क्षपण झालेलं निकेल हवेत आणल्यास पेट घेऊ शकतं. आणि निकेलवर कार्बन मोनॉक्साइड असताना तापमान २०० अंशांखाली आणू नका: निकेल कार्बोनिल तयार होतं आणि ते जीवघेणं आहे. आधी नायट्रोजनने वायू पूर्ण बदला, मगच थंड करा. कोणी ‘एवढं काही होत नाही’ म्हणालं तरी ऐकू नका.

पायरी ६: यंत्राआधी प्रश्न

एक्सआरडी, बीईटी, टीपीआर, टीईएम अशी सगळी यंत्रं लावून आलेख गोळा करायची पद्धत पडली आहे. त्याऐवजी प्रश्न लिहा आणि त्याला लागेल तेवढंच यंत्र वापरा. एकूण पृष्ठभाग किती? बीईटी: ७७ केल्विनला नायट्रोजन चिकटवून मोजतात, नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा घेतो असं धरून. पण बीईटी आधाराचाही पृष्ठभाग मोजतं. धातूचा किती उघडा आहे हे हवं असेल तर हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइडचं केमिसॉर्प्शन करा, म्हणजे फक्त धातूला रासायनिक बंधाने चिकटणारा वायू मोजा. निकेल कोणत्या तापमानाला क्षपण होतं? टीपीआर: हायड्रोजनमध्ये तापमान चढवत नेऊन तो किती खर्च होतो ते पाहतात. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत, धातूचं शिखर दिसलं नाही म्हणजे धातू नाही असं नव्हे. कण तीनेक नॅनोमीटरपेक्षा लहान असले की शिखर पसरून हरवतं.

पायरी ७: वेग मोजताना

रिकाम्या नळीत आणि नुसत्या ॲल्युमिनावर आधी प्रयोग करा; नळीचा पोलादसुद्धा कधी कधी अभिक्रिया घडवतो. रूपांतर १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे वेग सरळ काढता येतो. कॅटॅलिस्टचं वजन आणि प्रवाह यांचं गुणोत्तर तेच ठेवून दोन्ही दुप्पट करा: रूपांतर बदललं तर बाहेरचा थर आड येतोय. कण अर्धे करा: वेग वाढला तर आतलं डिफ्युजन आड येतंय. नळीचा व्यास कणाच्या दहापट तरी हवा, नाहीतर वायू भिंतीलगत निसटतो. कार्बन बॅलन्स ९५ ते १०५ टक्क्यांत बसत नसेल तर पुढचा कुठलाही निष्कर्ष लिहू नका. द्रवातल्या अभिक्रियेत कॅटॅलिस्ट गरम असतानाच गाळून काढा आणि उरलेल्या द्रवात अभिक्रिया चालू राहते का ते पाहा. राहिली तर धातू विरघळतोय.

पायरी ८: कॅटॅलिस्ट कसा मरतो

पुस्तकांत हा भाग शेवटी आणि थोडक्यात असतो, कारखान्यात तो रोजचा. तीन मुख्य मार्ग: विष, कार्बन आणि उष्णता. तिन्ही तुमच्या कागदावर आहेत.

थंड शिफ्टच्या तांब्याला गंधक आणि क्लोरीन अगदी अल्प प्रमाणातही मारतात. सिंथेसिसच्या लोखंडाला कार्बन ऑक्साइड आणि वाफ चालत नाही, कार्बन ऑक्साइड काढायलाच मिथेनेटर आहे. रिफॉर्मरमध्ये वाफ कमी पडली की निकेलवर कार्बन साचतो, म्हणून वाफ आणि कार्बन यांचं गुणोत्तर तीनच्या आसपास ठेवतात. आणि उष्णता: धातूचा वितळणबिंदू केल्विनमध्ये घेऊन निम्मा करा, त्या तापमानाला टॅमन तापमान म्हणतात; त्याच्या जवळ गेलं की कण हलू आणि मिसळू लागतात, हेच सिंटरिंग. तांबं १,३५८ केल्विनला वितळतं, निम्मे ६७९, म्हणजे ४०६ अंश सेल्सिअस. म्हणून तांब्याचा बेड त्याच्या कितीतरी खाली, २००-२५० अंशांवर चालवतात. निकेलसाठी हाच हिशेब करा, आणि मग रिफॉर्मरमध्ये ८०० अंशांवर निकेल कसं टिकतं यावर विचार करा. आधार कशासाठी असतो ते तिथे कळेल.

पायरी ९: पुढे कुठे

एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटींमधल्या प्राध्यापकांची या विषयावरची व्याख्यानं फुकट आहेत. एकच मालिका निवडा आणि पूर्ण करा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासूनची. १९८० च्या दशकात तिथे विकसित झालेले एनसिलाइट नावाचे झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं स्फटिकी ॲल्युमिनोसिलिकेट) कॅटॅलिस्ट प्रत्यक्ष कारखान्यांत वापरले गेले. त्याच प्रयोगशाळेचे एल. के. दोरायस्वामी आणि मुंबईच्या माटुंग्यातल्या तेव्हाच्या यूडीसीटीचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, एम. एम. शर्मा यांनी विषमांगी अभिक्रियांवर १९८४ मध्ये लिहिलेला दोन खंडांचा ग्रंथ जगभर वापरला गेला. सुरुवातीला तो जड जाईल, पण ग्रंथालयात असेल तर उदाहरणं जरूर चाळा. विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपमधून अशा प्रयोगशाळांत दोन महिने काम करता येतं. अर्जात ‘मला कॅटॅलिसिसची आवड आहे’ असं लिहिण्यापेक्षा पायरी ३ चं गणित एखाद्या खऱ्या अभिक्रियेसाठी करून जोडा.

आणि अमोनिया प्लांटला भेट द्यायची संधी आली तर कंट्रोल रूममध्ये थंड शिफ्ट रिॲक्टरच्या बेडमधली उंचीनुसार तापमानं विचारा, शक्य असेल तर काही महिन्यांच्या अंतराची. वरचा भाग विषाने निकामी होत जातो तसतसा तापमान चढण्याचा भाग खाली खाली सरकतो. दोन तारखांचे आलेख एकावर एक ठेवा, तो भाग महिन्याला किती सरकला ते मोजा, आणि बेड अजून किती महिने चालेल याचा अंदाज काढून तिथल्या इंजिनिअरला दाखवा.